इचिरोचं दशक

जानेवारी 2025 मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमचा निकाल लागला. पत्रकारांच्या 394 मतांपैकी 393 इचिरो सुझुकीला मिळाली आणि हा मान मिळवणारा तो पहिला आशियाई खेळाडू ठरला. राहिलेलं एक मत कुणी रोखलं ते कळलं नाही. इचिरोने त्या पत्रकाराला घरी जेवायला बोलावलं होतं. जुलैमध्ये कूपर्सटाउनला झालेल्या हॉल ऑफ फेमच्या समारंभात त्याने ते आमंत्रण आता रद्द झाल्याचं जाहीर केलं आणि सगळे हसले. मला मात्र ते मत अजून टोचतं. त्यामागचं कारण माहीत नसलं, तरी इचिरोवरचा एक आक्षेप मी सिअ‍ॅटलमध्ये वर्षानुवर्षं ऐकलेला आहे: हा नुसता एकेरी हिट मारतो.

जपानमधली त्याची वर्षं मी पाहिलेली नाहीत, म्हणून थोडक्यात सांगतो. आइची प्रांतातला हा मुलगा जन्माने उजवा. तरी तो डावखुरी बॅटिंग शिकला, कारण त्या बाजूने पहिला बेस दोन पावलं जवळ पडतो. कोबेच्या ऑरिक्स संघाकडून 1994 मध्ये त्याने 210 हिट काढले. जपानी लीगच्या एका मोसमात तोवर कुणी दोनशेचा टप्पा गाठला नव्हता. 1995 च्या जानेवारीत भूकंपाने कोबे उद्ध्वस्त झालं आणि त्याच वर्षी या संघाने लीग जिंकली. सलग सात वर्षं सर्वोत्तम बॅटिंग सरासरी त्याचीच होती. 2000 च्या अखेरीस सिअ‍ॅटल मरिनर्सनी त्याच्याशी नुसती बोलणी करण्याच्या हक्कासाठी 1 कोटी 31 लाख डॉलर मोजले.

रेडमंड-बेल्व्ह्यूच्या बाजूला नोकरीसाठी आलेल्या आम्हा मराठी मंडळींना तोवर बेसबॉल कंटाळवाणा वाटायचा. इचिरोने तो आम्हाला समजावला. चेंडू जमिनीवरून घरंगळत शॉर्टस्टॉप या क्षेत्ररक्षकाकडे जायचा, आणि तो उचलून फेकेपर्यंत इचिरोने पहिला बेस ओलांडलेला असायचा. चोरटी धाव म्हणजे काय, हे क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. उजव्या मैदानातल्या बाकांना लोक त्याच्या क्रमांकावरून ‘एरिया 51’ म्हणू लागले आणि आम्ही तिकिटं तिथलीच मागू लागलो.

2001 चा तो मोसम! रँडी जॉन्सन, केन ग्रिफी आणि अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ, तिघेही बडे खेळाडू एकामागून एक संघ सोडून गेले होते. अशा संघाने 116 सामने जिंकले आणि 1906 पासूनच्या विक्रमाची बरोबरी केली. इचिरोचे 242 हिट, 56 चोरलेले बेस, .350 ची सरासरी. सर्वोत्तम नवोदित आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही सन्मान त्याला एकाच वर्षी मिळाले. एप्रिलमध्ये ओकलंडला टेरेन्स लाँग पहिल्या बेसवरून तिसऱ्याकडे धावला, तेव्हा इचिरोने उजव्या मैदानातून केलेली फेक जमिनीला न लागता थेट तिसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हमध्ये जाऊन बसली. त्यानंतर त्याच्या हातात चेंडू असताना पुढचा बेस घेण्याआधी धावणारे दोनदा विचार करू लागले.

माझ्या लेखी मात्र 2004 मोठं आहे. जॉर्ज सिस्लरने 1920 मध्ये एका मोसमात काढलेल्या 257 हिटचा विक्रम 84 वर्षं अबाधित होता. 1 ऑक्टोबरला आमच्या डोळ्यांसमोर इचिरोने तो मोडला. सिस्लरची मुलगी मैदानात हजर होती आणि इचिरो कठड्याशी जाऊन तिला भेटला. मोसम संपला तेव्हा त्याचे 262 हिट होते आणि त्यांतले 225 एकेरी होते. पुढे 2009 मध्ये तो सेंट लुईसला सिस्लरच्या थडग्यावर फुलं ठेवून आला. मागच्या पिढीचं ऋण मानण्याची ही रीत मला त्याच्या सगळ्या आकड्यांहून प्रिय आहे.

त्याच 2004 मध्ये मरिनर्स 99 सामने हरले. इथेच जुना हिशेब चुकता करायचा आहे. संघ हरतो आणि हा विक्रम करतो, म्हणजे हा स्वतःपुरता खेळतो, असं म्हटलं गेलं. 2008 मध्ये तर त्याचे काही सहकारीच त्याच्यावर नाराज असल्याचं छापून आलं. 2004 मध्ये हा माणूस दर शंभर संधींपैकी एकेचाळीस वेळा बेसवर पोचत होता. बेसवर उभ्या असलेल्या माणसाला घरी आणणं पुढच्या बॅटरचं काम होतं. 2008 मध्ये दहा कोटी डॉलरहून जास्त पगार वाटूनही 101 पराभव झाले, 2007 ते 2010 या चार मोसमांत पाच मॅनेजर झाले. हे निर्णय घेणाऱ्यांनी त्याच्या ऐन उमेदीची वर्षं वाया घालवली. ही पडझड धरूनही त्याने 2001 पासून सलग दहा वर्षं दोनशेच्या वर हिट काढले आणि दहाही वर्षं उत्तम क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह मिळवला. एवढं सातत्य राखणाऱ्याला स्वार्थी म्हणणाऱ्यांना मी माफ केलेलं नाही.

2012 च्या जुलैमध्ये त्याला न्यूयॉर्क यँकीजकडे धाडलं. त्याच संध्याकाळी, त्याच मैदानावर, पाहुण्यांच्या गणवेशात तो बॅटिंगला आला आणि प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला. न्यूयॉर्क आणि मायामीची वर्षं मला परकी वाटतात. त्यांतला 2016 मधला अमेरिकेतला तीन हजारावा हिट तेवढा जवळचा. तो तिहेरी होता. 2019 च्या मार्चमध्ये मरिनर्सच्याच गणवेशात, टोकियोत तो निवृत्त झाला, अमेरिकेतले 3089 हिट नावावर ठेवून. त्या रात्री त्याने सांगितलं की डोकं न वापरताही खेळता येईल, अशा दिशेने बेसबॉल चालला आहे.

त्याचं म्हणणं किती खरं होतं ते रोज दिसतं. 2018 मध्ये इतिहासात पहिल्यांदा मोसमातले स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद होणं, हिटपेक्षा जास्त झाले. 2022 मध्ये सगळ्या लीगची सरासरी .243 पर्यंत घसरली. चेंडू किती अंशात उडवायचा हे संगणक सांगतो, आणि जो तो कुंपणापलीकडे मारायला बघतो. मरिनर्सच्या कॅल रॅलीने 2025 मध्ये 60 होमरन मारले, त्याचा मला अभिमान आहे. तरीही त्या ऑक्टोबरमध्ये टोरंटोला, वर्ल्ड सीरीजपासून एका विजयावर, एका धावेने मागे असताना आमचा शेवटचा बॅटर स्ट्राइकआउट झाला. त्या क्षणी मला होमरन नको होता, फक्त बेसवर पोचणारा एक माणूस हवा होता.

2023 मध्ये लीगला नियम बदलावे लागले. बेस मोठे केले, क्षेत्ररक्षकांना एका बाजूला गोळा व्हायची बंदी केली. एकेरी हिट आणि धावाधाव परत यावी, हाच त्यामागचा हेतू. ज्या खेळाला वर्षानुवर्षं कमी लेखलं, तोच नियम करून परत आणावा लागला, यापेक्षा मोठी पावती इचिरोला काय हवी? ऑगस्ट 2025 मध्ये मरिनर्सनी त्याचा 51 क्रमांक निवृत्त केला. आता इथे जन्मलेल्या आपल्या मुलांना लिटल लीगच्या प्रशिक्षकांनी चेंडू जमिनीवर ठेवून जिवाच्या आकांताने पहिल्या बेसकडे धावायला शिकवावं. इचिरोचा खरा सन्मान तोच.