बंदुकीची नळी घासू नये

खंडेनवमी आली की हिंगोली जिल्ह्यात घरोघरची हत्यारं बाहेर निघतात. विळे, कुऱ्हाडी, वखराची पास, नांगराचा फाळ घासूनपुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात. हिंगोलीचा दसरा दीडशे वर्षांहून जुना, त्यामुळे या पूजेचं इथं मोठं अप्रूप. ज्या घरात परवान्याची बंदूक आहे, तिथं तीही पूजेला येते. विळ्याला घासणं मानवतं, बंदुकीला ते बाधतं. पॉलिश पेपरनं चकचकीत केलेल्या नळीचं संरक्षक कवच त्या पेपरासोबतच गेलेलं असतं. ओल्या कुंकवाचा ठसा पुसायचा राहिला, तर त्याखाली गंज धरतो.

हिंगोली गावाला बंदूक नवी नाही. निजामाच्या काळात इथं हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. १९०३ मध्ये ती फौज ब्रिटिश भारतीय सैन्यात विलीन झाली. आज राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ हिंगोलीतच आहे. शेतकऱ्याच्या बंदुकीचं कारण वेगळं. रानडुकरं आणि रोही एका रात्रीत उभं पीक लोळवतात. म्हणूनच शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. अशी बंदूक किंवा बारा बोअरची दुनळी बऱ्याचदा वडिलांकडून मुलाकडे येते. ती येते तेव्हा नळीचा रंग उडालेला असतो आणि वारसाला वाटतं, एकदा नवीकोरी करून घ्यावी.

इथं थांबून आधी लोखंड वाचायला हवं. नळीवरचा निळसर काळा थर हा रंग नव्हे. लोखंड आणि ऑक्सिजन यांच्यापासून झालेलं ते मॅग्नेटाइट, म्हणजे एक प्रकारचा आवरलेला गंजच. हा थर पोलादातूनच उगवलेला असतो, त्याची जाडी मायक्रॉनच्या हिशेबातली. कारागीर त्याला ब्ल्यूइंग म्हणतात. नळीच्या तोंडाशी आणि हाताची पकड येते तिथं तो हळूहळू विरळ होऊन पांढुरकं पोलाद दिसू लागलं, तर ती वापराची प्रामाणिक झीज समजावी. नळी सगळीकडे सारखी काळी, पण कोरलेली अक्षरं बोथट आणि कडा गोलावलेल्या असतील, तर कुणीतरी ती आधीच घासून पुन्हा काळी केली आहे.

प्रत्येक मुलामा आपल्या पद्धतीनं झिजतो. फॉस्फेटचा थर राखाडी, खरखरीत, तेल धरून ठेवणारा. झिजला की तेवढीच जागा गुळगुळीत चमकते. स्टोव्हिंगचा, म्हणजे भट्टीत भाजून पक्का केलेला काळा रंग झिजत नाही, त्याचे टवके उडतात आणि टवक्याला काठ दिसतो. इशापूरच्या कारखान्यातल्या बऱ्याच जुन्या रायफलींवर हा रंग आढळतो. निकेलची झाक किंचित पिवळसर, क्रोमची निळसर पांढरी. दुनळीच्या खटक्याच्या पेटीवर निळे, तपकिरी ढग दिसले, तर ते पृष्ठभाग कठीण करण्याच्या प्रक्रियेतले रंग आहेत. ते उन्हानं, हाताळण्यानं फिके पडतात. ते परत आणायला पेटी पुन्हा तापवली, तर पोलादाचा कठीणपणा बिघडण्याचा किंवा पेटी वाकण्याचा धोका असतो. फिके पडलेले ढग फिकेच राहू द्यावेत.

दुनळीच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक होते ती गरम क्षारांच्या हौदात. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या या हौदाचं तापमान साधारण १४० अंश सेल्सिअस असतं. एकनळी पोलादी बंदुकीला तो चालतो. दुनळीच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी मात्र शिसं-कथिलाच्या डाकानं जोडलेली असतात. कॉस्टिक तो डाक खातो. बंदूक काळीभोर होऊन घरी येते आणि पुढं कधीतरी पट्टी सुटते.

दुनळीसाठी जुनी, सावकाश रीत आहे. नळी तेलाचा अंशही न ठेवता धुवायची, कारण बोटाचा ठसा उमटला तर तिथं थर धरत नाही. मग गंज आणणारं द्रावण अगदी पातळ हातानं फिरवून ती दमट पेटीत ठेवायची. श्रावणात गंज लवकर येतो, मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पेटीत ओल राखावी लागते. नळीवर तांबूस मखमल चढली की ती शुद्ध केलेल्या पाण्यात उकळायची. बोअरवेलचं जड पाणी घेतलं, तर डाग पडतात. उकळताना डोळ्यांदेखत तांबूस गंज काळा होतो. वरची काळी भुकटी बारीक तारेच्या ब्रशनं झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अशा सहा-आठ फेऱ्यांनंतर खोल, मंद काळेपणा येतो. उकळत्या पाण्यात कॉस्टिक नसल्यानं डाकाला धक्का लागत नाही.

या कामाला कायद्याची चौकटही आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार शस्त्रदुरुस्तीचा धंदा करायला परवाना लागतो. शस्त्रावरची ओळखचिन्हं पुसण्याला कलम ८ नं मनाई आहे. परवान्यावरचा क्रमांक आणि नळीवरचा क्रमांक जुळला, तरच बंदूक तुमची. जोरकस पॉलिशनं पहिला बळी जातो तो याच बारीक अक्षरांचा, आणि चाचणीच्या शिक्क्यांचा.

म्हणून वारसानं बंदूक रिकामी असल्याची खात्री करून आधी तेलच लावावं. तांबडा गंज तेलात भिजू द्यावा आणि तांब्याच्या पट्टीनं हलके सोडवावा. तांबं पोलादाहून मऊ असतं, त्यामुळे चरे पडत नाहीत. पूजेनंतर नळी कोरडी पुसून तेलाचा हात फिरवावा. तरीही ब्ल्यूइंग करायचंच असेल, तर परवानाधारक कारागिराला तीन गोष्टी विचाराव्यात : आत्ता नळीवर कोणता थर आहे, किती धातू घासला जाईल, आणि दुनळी गरम हौदात घालणार का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर नळी हातात घेऊन, उजेडात धरून देणाऱ्याकडेच काम सोपवावं. न पाहता "नवी करून देतो" म्हणणाऱ्याकडून बंदूक परत घ्यावी. उडालेला थर पुन्हा चढवता येतो, घासलेलं पोलाद मात्र कुणालाच परत देता येत नाही.