बुलेटच्या चेनचे तेल

बैलगाडीच्या आसाला वंगण नसले, की चाक कुरकुरते. आस झिजतो. बैलांना गाडी जड जाते. लोखंडावर लोखंड कोरडे घासले, की असेच होते. मोटारसायकलचेही तेच आहे. पण तिचे घासणारे भाग झाकणाआड असतात. ते झिजले तरी लवकर कळत नाही. म्हणून मुद्दाम पाहावे लागते.

जुन्या बुलेटचे उदाहरण घेऊ. ही गाडी मूळची इंग्लंडची. पुढे मद्रासजवळ तिरुवोत्तियूर येथे तिचा कारखाना निघाला. पूर्वीच्या पद्धतीच्या या गाड्या आजही पुष्कळ गावांत चालतात.

तीन तेले

जुन्या बुलेटमध्ये तेलाच्या तीन जागा असतात. एक इंजिनची, दुसरी गिअरच्या पेटीची. तिसरी जागा गाडीच्या डाव्या अंगाला, मोठ्या झाकणाआड असते. तिच्यात एक चेन असते. पिठाच्या गिरणीचा पट्टा जसा मोटारीची शक्ती जात्याला देतो, तशी ही चेन इंजिनची शक्ती गिअरच्या पेटीकडे नेते. क्लचही तिथेच असतो. मागच्या चाकाची चेन बाहेर दिसते. ती वेगळी.

पुष्कळ लोक इंजिनचे तेल बदलतात आणि म्हणतात, "झालं काम!" पण झाकणाआडचे तेल तसेच राहते.

नव्या बुलेटमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर यांना एकच तेल पुरते. म्हणून आपली गाडी कोणती, ते आधी पाहावे.

तेल कमी, तेल जास्त

तेल कमी पडले, तर चेन तापते, झिजते आणि सैल होते. सैल चेन झाकणाला आतून घासते. तुटली तर झाकणही फोडते. थोड्या तेलाची हयगय केली, की खर्च असा मोठा होतो.

मग भरपूर तेल ओतावे का? नाही. तेल फार झाले, तर क्लचच्या चकत्या एकमेकींना चिकटून राहतात. आपण डाव्या हाताने क्लच दाबतो, तरी गाडी पुढे सरकत राहते. बाजाराच्या गर्दीत समोर एखादे लेकरू आले तर काय होईल? म्हणून तेल बेताचेच हवे.

तेल कसे पाहावे?

१. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करा. बाजूच्या स्टँडवर ती डावीकडे कलते आणि माप चुकते.

२. इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबा. तेल खाली बसू द्या.

३. झाकणावर तेलाची पातळी दाखवणारा छोटा स्क्रू असतो. तो काढा. छिद्रातून तेल नुसते पाझरले, तर ते बरोबर आहे.

४. काहीच आले नाही, तर वरच्या बुचातून थोडे थोडे तेल घाला. छिद्रातून पाझरू लागले, की थांबा. जास्तीचे वाहून जाऊ द्या. मग स्क्रू बसवा.

तेल घेताना दुकानदाराला सांगा, "तेलात बुडणाऱ्या क्लचला चालेल असं मोटारसायकलचं तेल द्या." मोटारगाडीच्या काही तेलांत फार निसरडी द्रव्ये असतात. त्यांनी क्लच घसरतो. इंजिन ओरडते, पण गाडी चढ चढत नाही.

तेल बदलताना

झाकण मधल्या एका मोठ्या नटावर बसलेले असते. डावे पायदान आणि ब्रेकचे पेडल आधी सोडवावे लागते. खाली जुनी परात ठेवा. झाकण सुटताच तेल खाली येते.

आता चेन बोटाने वर-खाली करून पाहा. मधोमध सुमारे पाव इंच हलली, तर ठीक. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी पाहा. जिथे ती सर्वांत ताठ असेल, तिथले माप धरा.

झाकणाचे रबर चिरलेले असेल, तर नवे घाला. नट जीव खाऊन आवळू नका. झाकण वाकते आणि तेल गळू लागते.

जुन्या तेलात धातूचे तुकडे दिसले, तर मिस्त्रीला दाखवा. आपण न घालता तेल वाढले, तरीही दाखवा. इंजिनचे तेल तिकडे झिरपत असेल.

जुने तेल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा शेतात ओतू नका. डब्यात भरून जुने तेल घेणाऱ्याला द्या. मग साबणाने हात धुवा.

महिन्यातून एकदा तो छोटा स्क्रू काढून पाहा. पाव तासाचे काम आहे. गाडी टिकेल, पैसा वाचेल, आणि क्लच दाबला की गाडी आपले ऐकेल.