घरांतील दिव्यांचा हिशेब

वसईच्या किंवा विरारच्या बाजारांत विजेचें सामान विकणाऱ्या दुकानीं जाऊन पुष्कळ मंडळी अजूनहि "साठचा दिवा द्या" असें मागतात. दुकानदार काय तें समजतो आणि ९ वॉटचा एल्.ई.डी. दिवा पुढें करतो. गिऱ्हाईक मात्र साशंक होतें. साठाच्या जागीं नऊ, म्हणजे उजेड कमी पडणार, असें त्याला वाटतें. शंका स्वाभाविक आहे. परंतु तिचें मूळ एका जुन्या संवयींत आहे. साठ हा आंकडा उजेडाचा कधींच नव्हता. दिवा किती वेगानें वीज खातो, एवढेंच तो सांगत असे. चुलींत किती लांकडें जळलीं ह्यावरून भात किती शिजला तें ठरविण्यासारखाच हा प्रकार होय. उजेडाचें माप निराळें आहे. त्याला ल्यूमेन म्हणतात आणि तें दिव्याच्या खोक्यावर छापलेलें असतें. श्रोतेहो, ह्या मापाविषयीं, आणि घरांतील कोणता दिवा आधीं बदलावा व कोणता मुळींच बदलूं नये ह्याविषयीं, आज आपणांशीं थोडें बोलावयाचें आहे.

जुन्या दिव्यांत टंग्स्टन धातूची केसासारखी बारीक तार असते. तिच्यांतून वीज गेली कीं ती सुमारें अडीच हजार अंश सेंटिग्रेडपर्यंत तापते, आणि तापते म्हणूनच प्रकाशते. १०० भाग वीज दिली तर डोळ्यांस दिसणारा प्रकाश जेमतेम ५ भाग मिळतो. बाकीची सर्व वीज उष्णता होऊन जाते. म्हणजे वैशाखांत घाम पुसणाऱ्या गृहस्थानें पैसे मोजून डोक्यावर एक लहानशी शेगडी टांगून घेतलेली असते! अशा ६० वॉटच्या दिव्यापासून सुमारें ७०० ल्यूमेन उजेड मिळतो. ९ वॉटच्या एल्.ई.डी.च्या खोक्यावर बहुधा ९०० ल्यूमेनच्या आसपास आंकडा आढळतो. उजेड कमी तर होत नाहींच, उलट थोडा वाढतो.

हें साधतें कसें? येथें तापून प्रकाशणें नाहीं. अर्धवाहक पदार्थाच्या एका सूक्ष्म कपच्यांतून वीज जातांना इलेक्ट्रॉन आपली कांहीं शक्ति सरळ प्रकाशरूपानें टाकतात. तांबडा प्रकाश देणारा असा दिवा अमेरिकेंत निक होलोन्याक ह्यांनीं १९६२ सालीं करून दाखविला. पण निळा प्रकाश कांहीं केल्या साधेना, आणि निळ्यावांचून पांढरा होईना. तें काम जपानच्या इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा ह्या तिघांनीं १९९० च्या सुमारास तडीस नेलें व त्याबद्दल त्यांस २०१४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या घरांतील पांढरा दिवा मुळांत निळाच असतो. त्या निळ्यावर पिवळा लेप दिलेला असतो आणि दोहोंच्या मिश्रणानें डोळ्यांस पांढरेपणा भासतो.

आरंभीं हे दिवे फार महाग असत. ५ जानेवारी २०१५ रोजीं केंद्र सरकारनें उजाला नांवाची योजना सुरू केली आणि कोट्यवधि दिव्यांची मागणी एकदम नोंदवून भाव पाडून घेतला. २०१४ च्या आरंभीं सरकारी खरेदीचा भाव एका दिव्यास ३१० रुपये होता, तो २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. पुढें ह्या योजनेखालीं ३६ कोटींहून अधिक दिवे घरोघर गेले. सरकारी योजनांविषयीं नाकें मुरडण्याची आपणां शहरवासीयांस संवय असते. ह्या बाबतींत तरी तिला जागा नाहीं.

आतां मुख्य हिशेबाकडे वळूं. १००० वॉटचा दिवा एक तास जळला कीं एक युनिट होतें. ६० वॉटचा दिवा रोज ५ तास जळला तर महिन्याला ९ युनिटें. त्याच जागीं ९ वॉटचा दिवा असेल तर १.३५. बचत ७.६५ युनिटांची. हाच दिवा माळ्यावर असून रोज दहा मिनिटेंच लागत असेल, तर बचत महिन्याला पाव युनिटाची! दिवा तोच, किंमत तीच, आणि लाभांत तीस पटींचें अंतर. म्हणून उत्साहाच्या भरांत घरांतील सर्व दिवे एका दिवशीं बदलूं नयेत. स्वयंपाकघर, मुलांच्या अभ्यासाची खोली, ओटीवरचा दिवा, वाडी असल्यास विहिरीजवळ रात्रभर जळणारा दिवा, हे आधीं. माळा राहूं द्यावा. ज्यांच्याकडे १५ वॉटचे सी.एफ्.एल्. अजून चालू आहेत, त्यांनीं ते सुखानें चालवावे. तेथें बचत अवघी ६ वॉटांची आहे, आणि चालता दिवा टाकून देणें ही काटकसर नव्हे.

सर्वांत जास्त वेळ जळणारा दिवा मात्र आपल्या घरांत नसतोच. तो जिन्यांत असतो. वसई, नालासोपारा, विरार येथें पुष्कळ कुटुंबें सहकारी गृहनिर्माण संस्थांत राहतात. जिन्यांतील दिवे सायंकाळीं सहापासून सकाळीं सहापर्यंत जळतात, आणि ते कोणाचेच नसल्यामुळें दुपारपर्यंतहि जळतांना दिसतात. जुनी ३६ वॉटची नळी आणि तिचा तांब्याच्या तारेचा चोक मिळून सुमारें ५० वॉट घेतात. बारा तासांच्या हिशेबानें महिन्याला १८ युनिटें झालीं. २० वॉटची एल्.ई.डी. नळी ७.२ युनिटें घेते. असे आठ दिवे धरले तर महिन्याला ८६ युनिटांची बचत होते. एवढ्या विजेंत एकादें लहान कुटुंब महिना काढील. नव्या नळीचा एकूण उजेड जुनीहून थोडा कमी असतो, हें खरें. परंतु जुनी नळी निम्मा उजेड छताकडे फेंकी, नवी तो सरळ पायऱ्यांवर टाकते. सभासदांच्या वार्षिक सभेंत रंगाच्या छटेवर तासभर वाद चालतो. त्यांतील पांच मिनिटें ह्या हिशेबास द्यावींत.

बिलांत ही बचत कोठें उतरते, तेंहि पाहण्यासारखें आहे. महावितरणच्या घरगुती बिलांत पहिल्या १०० युनिटांस एक दर, १०१ ते ३०० पर्यंत त्याहून चढा आणि पुढें आणखी चढा अशी रचना आहे. वांचलेलें युनिट नेहमीं वरच्या, महाग पायरीवरचें असतें. ज्या घरीं ११२ युनिटें लागतात, त्यानें वर सांगितल्याप्रमाणें दोन दिवे बदलले तर तें घर शंभराच्या आंत येतें. स्थिर आकार मात्र दिवे बदलून कमी होत नाहीं. तशी आशा धरून पुढच्या बिलावर रागावूं नये.

पैशाहून मोठी गोष्ट वेळेची आहे. दिवे सर्वांचे एकाच वेळीं लागतात, तिन्हीसांजेला. त्या वेळीं सूर्याची वीज मावळलेली असते आणि भार कोळशाच्या व पाण्याच्या केंद्रांवर येतो. आपल्याच पालघर जिल्ह्यांत डहाणूस ५०० मेगावॉटचें कोळशाचें केंद्र आहे, आणि तारापूरला १९६९ सालीं देशांतील पहिलें अणुवीजकेंद्र सुरू झालें. आपल्या खोलींत नेमकी कोणाची वीज आली हें सांगतां येत नाहीं. सर्व वीज एकाच जाळ्यांत मिसळते. पण २००५ नंतरच्या कांहीं वर्षांत महाराष्ट्रानें भारनियमनाच्या ज्या अंधाऱ्या संध्याकाळी काढल्या, त्या ज्यांस आठवतात त्यांस सायंकाळच्या ५० वॉटांचें मोल निराळें सांगावयास नको. असें असतां, दिवा स्वस्त झाला म्हणून दिवाणखान्याच्या खोट्या छतांत बारा-बारा वॉटचे बारा दिवे बसविण्याची जी नवी हौस निघाली आहे, तिचें कौतुक मला करवत नाहीं. ते १४४ वॉट झाले. जुन्या साठच्या दोन दिव्यांपेक्षांहि अधिक!

खोक्यावर २५,००० तास आयुष्य लिहिलेलें असतें. रोज ५ तासांच्या हिशेबानें तीं तेरा वर्षांहून अधिक होतात. मग दिवा दोन वर्षांत कां जातो? ह्याचें कारण असें कीं तो आंकडा प्रकाश देणाऱ्या कपच्यांचा असतो, आणि तोहि उजेड सत्तर टक्क्यांवर उतरेपर्यंतचा. दिव्याच्या मानेंत घरची वीज कपच्यांस मानवेल अशी करून देणारें एक लहान यंत्र असतें. मरतें तें हें. त्यांतील कपॅसिटर उष्णतेनें सुकतो. उष्णता दहा अंशांनीं वाढली कीं त्याचें आयुष्य सुमारें निम्म्यावर येतें. म्हणून कांचेच्या बंद हंडींत हा दिवा कोंडूं नये. आपल्या किनाऱ्याची खारट, दमट हवा होल्डरच्या पितळी टोकांस कळकवते. जोड ढिला पडून ठिणगी उडते आणि दोष दिव्यावर येतो. कळकलेला होल्डर आधीं बदलावा. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचें ताऱ्यांचें लेबल ह्या दिव्यांस २०१८ सालापासून सक्तीचें आहे. तें नसलेला दिवा स्वस्त मिळाला तरी घेऊं नये.

रंगाविषयीं दोनच शब्द. खोक्यावर ६५०० असा आंकडा असेल तर उजेड निळसर पांढरा, २७०० किंवा ३००० असेल तर जुन्या दिव्यासारखा पिवळसर. निजण्याच्या खोलींत पिवळसर बरा. रात्रीं निळसर उजेडानें झोंप लांबते. आणि सी.एफ्.एल्. किंवा जुनी नळी निकामी झाल्यावर ती कचऱ्याच्या डब्यांत फोडून टाकूं नये, कारण त्यांत पारा असतो. ती ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावी. घरांत फुटलीच तर खिडक्या उघडून मुलांस थोडा वेळ बाहेर न्यावें.

शेवटीं एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधतों. एल्.ई.डी. दिवा बंद केल्यावरहि मंद तेवत राहतो, अशी तक्रार जुन्या घरांतून पुष्कळ ऐकूं येते. बटनांत लहान तांबडी खूण-बत्ती असेल, किंवा दोन तारा लांबवर शेजारून गेल्या असतील, तर तेवढ्यानेंहि असें होतें आणि त्यांत भय नाहीं. परंतु कित्येक ठिकाणीं बटन जिवंत तारेऐवजीं परतीच्या तारेवर बसविलेलें असतें. अशा ठिकाणीं बटन बंद असूनहि होल्डरमध्यें वीज खेळत असते. जुन्या दिव्याच्या जाड तारेस एवढ्याशा विजेनें कांहीं होत नसे, म्हणून वर्षानुवर्षें हा दोष कोणास कळला नाहीं. नवा दिवा तो उघड करून दाखवितो. तेव्हां परवानाधारक तारतंत्र्यास बोलावून बटन कोणत्या तारेवर आहे तें तपासून घ्यावें, आणि तोंपर्यंत त्या होल्डरला हात लावण्यापूर्वीं घराचा मुख्य स्विच बंद करावा.