एआयची ओळख आपल्याच विषयातून

तंजावर म्हटले की मराठी माणसाला सरफोजीराजे आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. आज या शहराच्या आसपास विद्यापीठेही आहेत. तमिळ विद्यापीठ 1981 सालचे. शास्त्र विद्यापीठ 1984 साली अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सुरू झाले. वल्लमला पेरियार मणियम्मै विद्यापीठ आहे. देशभरातल्या प्राध्यापकांना पडलेला प्रश्न इथल्यांनाही चुकलेला नाही: मुले सर्रास एआय वापरतात, आता शिकवायचे कसे?

यावर ठरलेला उपाय म्हणजे एफडीपी, अर्थात प्राध्यापकांसाठीची प्रशिक्षण कार्यशाळा. दोन-तीन दिवसांत डझनभर साधने दाखवायची, शेवटी प्रमाणपत्र द्यायचे. पण साधनांची नावे वर्षभरात बदलतात आणि प्राध्यापकाचा विषय तोच राहतो. म्हणून शिकवण्याची सुरुवात विषयापासून करावी, तीही जिथे यंत्राची चूक प्राध्यापकाच्या चटकन लक्षात येते अशा भागापासून. ही वाट तंजावरच्याच सामग्रीवर चालून पाहू.

पहिली पायरी सोपी आहे. प्राध्यापकाने आपली मागच्या वर्षीची असाइनमेंट जशीच्या तशी एआयला द्यावी आणि आलेले उत्तर लाल पेनाने तपासावे. समजा, इतिहासाचा प्रश्न आहे: ‘सरफोजीराजांच्या कारकिर्दीतील विद्याप्रसारावर टीप लिहा.’ तंजावरच्या गादीवर सरफोजी दोन झाले. पहिल्याची कारकीर्द 1712 ते 1728, दुसऱ्याची 1798 ते 1832. मिशनरी श्वार्ट्झच्या देखरेखीत शिकलेला, छापखाना काढणारा आणि सरस्वती महालाला आजचे रूप देणारा तो दुसरा. प्रश्नात हे स्पष्ट केलेले नसल्यामुळे यंत्र दोघांची सरमिसळ करू शकते, शिवाय एखाद्या न लिहिलेल्या ग्रंथाचा हवालाही ठोकून देऊ शकते. जाणत्याला हे लगेच खटकते, नवख्याला ते अस्सल वाटते.

असे का होते, हे इथेच समजावून सांगावे. भाषेचे मॉडेल प्रचंड मजकुरावरून ‘यानंतर काय येण्याची शक्यता जास्त’ एवढे शिकलेले असते. विचारलेल्या विषयावर मजकूर भरपूर असेल तर अंदाज बहुधा बरोबर येतो, तुटपुंजा असेल तर वाक्य तेवढेच सफाईदार येते आणि आशय घसरतो. जगभरच्या इंग्रजी मजकुराच्या मानाने तंजावरच्या मराठेशाहीवर लिहिलेले फारच थोडे. म्हणून न्यूटनच्या नियमांवर चोख उत्तर देणारे यंत्र इथे अडखळते. सोबत मूळ मजकूर जोडला आणि ‘फक्त यातूनच उत्तर दे’ असे बजावले, तर चुका कमी होतात, पण संपत नाहीत.

दुसरी पायरी वर्गातली. सरस्वती महालात मराठी हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे, आणि तंजावरच्या मराठी दरबाराचे कागद मोडी लिपीत आहेत. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढतात, मग तिच्याखाली हात फारसा न उचलता अक्षरे लिहितात. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घही सहसा पाळत नाहीत. त्यामुळे ‘पैका न दिला’ आणि ‘पैका नदीला’ ही दोन वाक्ये कागदावर एकसारखीच दिसतात. पैसे थकले की नदीच्या कामी लागले, हे मागचा-पुढचा मजकूर वाचूनच ठरते.

मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणाऱ्या मॉडेलवर आयआयटी रुडकीच्या संशोधकांनी काम केले आहे. त्यांच्या माहितीसंचात शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन कागदांच्या 2,043 प्रतिमा आहेत. तंजावरच्या मराठीत तमिळ आणि तेलुगू शब्द मिसळलेले, त्यामुळे अशा शब्दांवर यंत्र घसरण्याचा धोका जास्त. शिक्षकाच्या दृष्टीने मात्र ही घसरण सोयीची आहे. विद्यार्थ्यांना मूळ पानाचा फोटो आणि यंत्राचे वाचन शेजारी शेजारी द्यावे. चूक कुठे, ती कशी ओळखली, आधार कोणता, या तीन रकान्यांना गुण द्यावेत. यंत्राकडून गृहपाठ करून घेण्याची सोय इथे उरत नाही, कारण यंत्राचे उत्तर हाच प्रश्न आहे. हीच रीत अभियांत्रिकीतही चालते: सोडवलेले उदाहरण यंत्राकडून घ्यायचे आणि एकके, गृहीतके, आकडेमोड मुलांकडून तपासून घ्यायची.

तिसरी पायरी म्हणजे ‘कॉपी पकडण्या’चा मोह आवरणे. मजकूर एआयने लिहिला का हे सांगणारे स्वतःचे साधन ओपनएआयने अचूकता कमी म्हणून जुलै 2023 मध्ये मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले 91 निबंध अशा सात साधनांतून तपासले. माणसांनी लिहिलेले हे निबंध सरासरी 61 टक्के वेळा यंत्राचे ठरवले गेले. तमिळ माध्यमातून आलेल्या मुलाचे साधे, मोजक्या शब्दांचे इंग्रजी असेच संशयात सापडू शकते. शंका असेल तर पाच मिनिटांची तोंडी परीक्षा घ्यावी. ‘हा परिच्छेद असा का लिहिला?’ एवढे विचारले तरी बरेच कळते.

या सगळ्यात एक पथ्य पाळावे: विद्यार्थ्यांची नावे, गुण, उत्तरपत्रिका बाहेरच्या मोफत साधनांत टाकू नयेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात 2023 साली संमत झाला आहे. हे पथ्य प्राध्यापकांना पहिल्याच दिवशी सांगावे.

आता संस्थेचे काम. युनेस्कोने 2024 मध्ये शिक्षकांसाठी एआय क्षमतांचा आराखडा दिला. त्यात पंधरा क्षमता आणि आत्मसात करणे, सखोल करणे, निर्माण करणे असे तीन टप्पे आहेत. पहिल्याच कार्यशाळेत तिसऱ्या टप्प्यावर उडी मारली की प्राध्यापक बिचकतात. त्यापेक्षा एका सत्रात एक अभ्यासक्रम, त्यातला एक घटक आणि एक असाइनमेंट एवढेच बदलावे. विभागातल्या दोघांनी जोडीने काम करावे. वेळापत्रकात आठवड्याचा एक तास मोकळा ठेवावा आणि तो कार्यभारात धरावा. हा तास मिळाला नाही तर बाकीचे बेत कागदावरच राहतात.

त्या तासाला प्रत्येकाने यंत्राची एक चूक आणावी आणि विभागाच्या वहीत नोंदवावी: प्रश्न काय होता, उत्तर काय आले, चूक कशावरून कळली. पुढच्या सत्रात रुजू होणाऱ्या सहायक प्राध्यापकाला साधनांच्या यादीपेक्षा ही वही जास्त उपयोगी पडेल.