ठिणगी न पाडणारा हातोडा

मुलांनो, चेंबूरजवळ माहुल येथे खनिज तेल शुद्ध करण्याचे मोठे कारखाने आहेत. अशा ठिकाणी हवेत तेलाची वाफ मिसळली, तर पोलादी हातोड्याची एक ठिणगीही भडका उडविण्यास पुरते. म्हणून जोखमीच्या जागी बेरिलियम-तांब्याची हत्यारे वापरतात. त्यांतून पेट घेण्याजोगी ठिणगी उडत नाही.

तांबे एरवी किती मऊ! परंतु त्यात शेकडा सुमारे २ भाग बेरिलियम मिसळून, तापवून पाण्यात विझविले व पुन्हा सुमारे ३१५ अंश सेल्सियस उष्णतेत काही तास ठेवले, की ते पोलादासारखे कठीण होते. विजेच्या उपकरणांत त्याच्या स्प्रिंगा असतात.

असा हातोडा हाती धरण्यात भय नाही. मात्र तो घासताना उडणारी धूळ फुप्फुसांत गेल्यास बरा न होणारा विकार जडू शकतो; यास्तव कारागिराजवळची धूळ यंत्राने शोषून घ्यावी लागते.