पुनर्विकास, व्याजदर आणि बाजाराचा मूड

मुंबईत सोसायटीचा पुनर्विकास निघाला की पहिला प्रश्न येतो, 'वाढीव जागा किती मिळणार?' आम्ही म्हणतो, त्याआधी विचारा, बिल्डरचा पैसा येणार कुठून? सोसायटी जमीन आणि एफएसआय देते. बिल्डर बांधकाम, आपलं भाडं, कॉर्पस हा सगळा खर्च कर्जातून आणि विक्रीच्या फ्लॅटांच्या बुकिंगमधून भागवतो. ते फ्लॅट विकले गेले नाहीत, तर आपलं भाडंही अडकतं. म्हणजे खिशातून रुपया न घालताही आपण गुंतवणूकदार झालेलो असतो.

हा बाजार दोन गोष्टींवर हलतो. पहिली, पैशाची किंमत. ५० लाखांचं २० वर्षांचं कर्ज ७ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता साधारण ३८,८०० रुपये, ९ टक्क्यांनी तोच ४५,०००. पगार तेवढाच, म्हणून गिऱ्हाईक थांबतं. बिल्डरचं कर्जही महागतं.

दुसरी गोष्ट, विश्वास. २०२० साली कोविडने अर्थव्यवस्था आक्रसली होती, तरी वर्षअखेरीस मुंबईत घरांच्या नोंदण्या उसळल्या. रेपो दर ४ टक्के होता आणि मुद्रांक शुल्क डिसेंबरपर्यंत ५ वरून २ टक्क्यांवर आणलं होतं. मुदतीच्या आत घेऊन टाकू, ही घाई होती. उलट सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएसने कर्जफेड चुकवली, तेव्हा वित्तपुरवठा कंपन्यांना पैसे द्यायला सगळेच कचरू लागले. बिल्डरांची कर्जं आटली, कामं रखडली.

आता हे आपल्या इमारतीला लावून बघू. पाडकाम लवकर उरकतं, बांधकामाला मात्र तीन-चार वर्षं लागतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला! तेजीत मिळालेली भरघोस ऑफर चढ्या भावांवर बेतलेली असते, आणि भाव कायम चढेच राहतील याची हमी कोणी देत नाही.

म्हणून सभेत तीन प्रश्न विचाराच. विक्री निम्म्यावर आली तर काम कोणत्या पैशातून चालेल? बँक गॅरंटी किती रकमेची? भाडं किती महिन्यांचं आगाऊ मिळणार? उत्तरं करारात उतरल्याशिवाय किल्ल्या देऊ नका. चार चौरस फूट कमी मिळाले तरी चालतील, पण परत यायला घर हवं.