गल्लीतून जाणारं जेट

पावसाळा सरत आला की दिल्लीतल्या वसाहतींमध्ये संध्याकाळी एक आवाज येऊ लागतो. फाटक्या सायलेन्सरची मोटारसायकल जागेवरच घरघरत उभी आहे, असं वाटावं असा. मागोमाग पांढरा धूर येतो आणि खांद्यावर लांब नळीचं यंत्र अडकवलेला महापालिकेचा कर्मचारी दिसतो. डेंग्यूच्या डासांवरची ही फवारणी नोएडात, गाझियाबादमध्ये, गुरुग्राममध्येही होते आणि आपल्याकडे पुण्या-मुंबईतही. 1996 साली दिल्लीत डेंग्यूची मोठी साथ आली, चारशेहून अधिक माणसं दगावली, आणि हा धूर शहराच्या ओळखीचा झाला.

खांद्यावरच्या या यंत्रांपैकी बरीचशी म्हणजे खरीखुरी जेट इंजिनं असतात. त्यांत पंखा नाही, पिस्टन नाही, फिरणारा एकही भाग नाही. या जातीला पल्सजेट म्हणतात. जून 1944 मध्ये लंडनवर कोसळू लागलेल्या जर्मन व्ही-1 बाँबला हेच इंजिन ढकलत होतं. जगभरात अनेक हौशी माणसं ते घरच्या घरी बनवतात. ज्यांना तशी ओढ आहे त्यांनी आधी धुराचं यंत्र नीट पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

सुरू करताना कर्मचारी हातपंपाने दोन-चार झटके मारतो. पेट्रोलच्या टाकीत दाब तयार होतो आणि थोडं पेट्रोल हवेबरोबर पुढच्या बुटक्या, फुगीर डब्यात शिरतं. टॉर्चच्या सेलवर ठिणगी पडते. मिश्रण भडकतं, दाब वाढतो आणि हवा आत येण्याच्या वाटेवरची पातळ झडप त्याच दाबाने मिटते. जळालेल्या वायूला एकच वाट उरते, मागची लांब नळी.

आता खरी गंमत. नळीतून बाहेर धावणाऱ्या वायूला वजन असतं, म्हणून त्याला गतीही धरून ठेवता येते. झोपाळा मध्यावर आला म्हणून थांबत नाही, पलीकडे जातोच. तसाच हा वायू आतला दाब बाहेरच्या हवेइतका झाला तरी धावत राहतो, आणि त्यामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षाही कमी होतो. मग झडप आपसूक उघडते, ताजी हवा आणि पेट्रोल आत ओढलं जातं. नळीच्या शेपटाकडूनही काही वायू उलटा परततो आणि आलेलं मिश्रण थोडं दाबतो. आत रेंगाळलेले तापलेले वायू त्याला पेटवतात. ठिणगीची गरज फक्त सुरुवातीला, पुढे नळी स्वतःच श्वास घेत राहते.

हा श्वास सेकंदाला किती वेळा, हे मुख्यतः नळीची लांबी ठरवते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की लहान बाटली चिरका आणि मोठी जाड आवाज देते, तसंच हे. एका बाजूने जवळजवळ बंद असलेल्या नळीसाठी ढोबळ हिशोब असा: ध्वनीच्या वेगाला लांबीच्या चौपटीने भागायचं. तापलेल्या वायूत ध्वनी सेकंदाला सुमारे 650 मीटर जातो, थंड हवेतल्या वेगाच्या जवळजवळ दुप्पट. व्ही-1 च्या इंजिनाची लांबी होती साधारण 3.6 मीटर. भागून पाहा, उत्तर 45 येतं. तो बाँब सेकंदाला जवळपास तितक्याच वेळा धडधडायचा.

धुराचं काम त्यामानाने सोपं. डिझेलमध्ये मिसळलेलं औषध नळीच्या टोकाजवळ सोडतात. तिथल्या उष्णतेने ते वाफ होतं आणि बाहेरच्या गार हवेत लगेच बारीक थेंब होऊन तरंगतं. त्याने उडणारे डास मरतात. कूलरच्या पाण्यातल्या अळ्यांना काहीच होत नाही, ते पाणी आपणच ओतायला हवं.

घरी इंजिन बनवणाऱ्याची पहिली अडचण झडपेची. सेकंदाला शंभरेक वेळा आगीला तोंड देत आपटून तिच्या स्प्रिंग स्टीलच्या पाती कडेने चिरतात. म्हणून बरेच जण झडप नसलेल्या रचनेकडे वळतात. हिलर या अमेरिकन कंपनीत रेमंड लॉकवुड यांनी विकसित केलेली यू आकाराची नळी त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिच्यात झडपेचं काम आखूड तोंडातली हवाच करते. भडक्यासरशी तिकडूनही थोडा वायू बाहेर पडतो. तो जोर वाया जाऊ नये म्हणून नळी वाकवून दोन्ही तोंडं मागे वळवलेली असतात.

सामान दिल्लीत मिळणं अवघड नाही. वझीरपूर स्टेनलेसच्या पत्र्यासाठी ओळखलं जातं, मायापुरी गाड्यांच्या भंगारासाठी. 304 प्रतीचा एक-दीड मिलिमीटरचा पत्रा आणि आर्गन वेल्डिंग, एवढ्यावर नळी उभी राहते. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप मात्र वेल्डिंगला घेऊ नका, त्याच्या धुराने ताप भरतो. घरगुती गॅसचा सिलेंडर कायद्याने स्वयंपाकासाठीच आहे, तोही इथे वापरायचा नाही.

चालवण्याची जागा हाच मोठा प्रश्न. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. पल्सजेट जवळून 120 च्या वर जातं. गच्ची, सोसायटीचं आवार, बंद खोली यांचा विचारच सोडून द्या. बंद खोलीत तर कार्बन मोनॉक्साइडही जीव घेईल. परवानगी घेतलेलं मोकळं शेत हवं. नळी जड चौकटीला जखडलेली, इंधनाची टाकी लांब, कानांवर संरक्षण, आग विझवायचं साधन हाताशी, शेपटाच्या रेषेत कुणीही नाही. थोड्याच वेळात नळी लालभडक होते. एवढं करूनही जोर माफकच मिळतो, कारण मिश्रण फारसं दाबलंच जात नाही, आणि इंधन भरपूर जळतं.

म्हणून माझ्या मते पहिला प्रयोग आगीशिवाय करावा. पुढच्या वेळी फवारणीवाला आला की धुरापासून दूर, खिडकी लावून फोनवर तो आवाज टिपा. आवाजाची वारंवारिता दाखवणारं अ‍ॅप उघडा आणि सर्वांत खालचा ठळक उंचवटा शोधा. तो सेकंदाला 100 च्या आसपास असेल, तर 650 ला 100 च्या चौपटीने, म्हणजे 400 ने भागा. दीड मीटरहून थोडी जास्त लांबी येईल. मग गल्लीत डोकावून तो माणूस खांद्यावर केवढी नळी वाहतोय ते पाहा.